चौथ्या रकान्यातली लावणी

पहिल्या वर्षी मला दुसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीला थांबवलं.

पुण्यातली एक नाट्यसंस्था दर पावसाळ्यात तिच्या नव्या संगीत नाटकासाठी गाणारे नट निवडते. तिच्या फॉर्मवर पाच रकाने असतात: भक्तीचं गाणं, विनोदी गाणं, दुःखाचं गाणं, लावणी आणि आवडीचं गाणं. मी पाचही रकाने भरले होते. परीक्षक बाईंनी पहिलं गाणं पूर्ण ऐकलं, दुसऱ्याला हात वर केला आणि विचारलं, "यापेक्षा वेगळं काही आहे?" मी तिसरं सुरू केलं. त्या म्हणाल्या, "हे तेच आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. चुकीच्या बसमध्ये चढणाऱ्याला शेजारचा माणूस सांगतो, तसं त्या सांगत होत्या.

मुळशीतल्या उरवड्याला परत येईपर्यंत मी बसमध्ये मनातल्या मनात एक पत्रक लिहून काढलं. मथळा होता, ‘रंगमंचाच्या दारात कामगाराला बंदी’. घरी आल्यावर ते बाबांना वाचून दाखवलं. बाबा तिथल्याच एका कारखान्यात पत्रा कापायच्या मशिनवर आहेत आणि माझ्या जन्माआधीपासून युनियनची पत्रकं लिहितात. मथळ्याला ते चांगला म्हणाले. मग म्हणाले, "आता ती पाच गाणी म्हण."

मी म्हटली.

"ही पाच नाहीत," बाबा म्हणाले. "एकच मागणी पाच वेळा टाईप केलीय."

ते खरं होतं, आणि ते मला आधी दिसलं नव्हतं याचं कारण आमचं घर होतं. शाळेत ‘क’ कमळाचा होता. घरी तो ‘कायम करा’मधला होता. मी अक्षरं शिकले ती उरलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर. चौथीत ‘माझा आवडता प्राणी’ या निबंधाच्या शेवटी मी बैलाच्या तीन मागण्या लिहिल्या होत्या. गाणी शिकले ती कारखान्याच्या गेटवर, पाळी सुटताना. समोरच्या रस्त्यावरून डंपर जात असतात, त्यामुळे गेटवरचं गाणं काळी पाचच्या पट्टीखाली गाऊन उपयोग नसतो. खालचे स्वर ज्यांना काही म्हणायचं नाही त्यांच्यासाठी असतात, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

बाबांचा पत्रकाचा एक नियम आहे. ज्याखाली आपली सही करता येत नाही, ते वाटायचं नाही. मी तो नियम गाण्यांना लावला होता. नवऱ्याची वाट बघत झुरणाऱ्या बाईचं गाणं आलं की मी विचारायचे, याखाली मी सही करीन का? राजाच्या पराक्रमाचं गाणं आलं तरी तेच. अशा रीतीने चांगली चांगली गाणी गळत गेली आणि गेटवरची तेवढी उरली. नियमाबद्दल मला आजही शंका नाही. फक्त गाण्याखाली सही कोण करतं, हा प्रश्न मी तेव्हा नीट विचारला नव्हता.

पुढच्या वर्षी पुन्हा जायचं ठरलं तेव्हा घरात एक गोष्ट स्पष्ट झाली. हिंजवडीतल्या एका कंपनीत माझी निवड झाली होती आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये रुजू व्हायचं होतं. नाटकात घेतलं तर तालमी रोज दिवसभर, म्हणजे ती नोकरी नाही. नाही घेतलं तर नोकरी, आणि गाणं रविवारी. रविवारी गाणाऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला तसं व्हायचं नव्हतं. आई एकदाच बोलली, "दोन्हीकडं पाय ठेवू नको, एवढंच." मी मान्य केलं.

एक वही केली. प्रत्येक गाण्याला एक पान: पट्टी, लय, गाणारं कोण, ते कुणाला उद्देशून गातंय, आणि त्याला काय हवंय. शेवटचा प्रश्न माझ्या अंगवळणी होता. त्याच्या आधीचा नव्हता. गेटवरचं प्रत्येक गाणं ‘सर्वांना’ उद्देशून होतं. त्या रकान्यात मी पाच पानांवर ‘सर्वांना’ लिहिलं आणि परीक्षक बाईंनी हात का वर केला ते मला तिथे कळायला लागलं.

भक्तीच्या गाण्यासाठी गावातल्या देवळात दर गुरुवारी जायला लागले. भजनी मंडळातल्या वीणेवाल्या आजोबांना मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की माझा देवावर विश्वास नाही. फसवून शिकायचं नव्हतं.

आजोबांनी वीणा मांडीवर सरळ केली. "त्येला म्हाईत हाय का?"

"कुणाला?"

"देवाला."

"नाही. म्हणजे, तो नाहीच तर—"

"मग आमी न्हाई सांगत त्येला. बस."

त्यांच्याकडून मी देवाशी भांडणारा एक अभंग उचलला. भांडण मला जमतं. पण आजोबा दर कडव्याला थांबवायचे: "भांडतीस ती घरच्या मानसाशी भांडतीस का मालकाशी? ह्यो घरचा हाय." दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मी फक्त एवढाच फरक शिकत होते.

विनोदी गाणं काकींनी दिलं. काकी म्हणजे आमच्या घरमालकीण. बाबा सोलापूरकडून इथे कामाला आले तेव्हापासून आम्ही त्यांच्याच खोल्यांत राहतो. त्यांची रस्त्याकडेची जमीन विकली गेली, तिथे आता शेड आहेत. मागची चार खाचरं त्यांनी ठेवली आणि त्यात दर वर्षी इंद्रायणी भात करतात. नेरे गावात त्यांच्या भाचीच्या हळदीला मी त्यांच्याबरोबर गेले होते. डीजे बंद पडला तेवढ्या वेळात काकींनी नवरदेवाच्या आईला गाण्यातून असं सोलून काढलं, की ती बाई स्वतःच हसून खाली बसली. मी ते गाणं फोनवर घेतलं. वरच्याची खिल्ली उडवायला सहीचा नियम आड येत नव्हता. आठवड्याने काकींना म्हणून दाखवलं.

"पोरी," काकी म्हणाल्या, "हे हसायचं गाणं हाय. तू तर इहिणीला नोटीस देतीस."

दुःखाच्या गाण्याला चार महिने गेले. दुःखाच्या शेवटी काही मागायचं नसतं, हे मला सहन होत नव्हतं. प्रत्येक वेळी शेवटच्या ओळीला आवाज आपोआप वर चढायचा आणि दुःखाचा मोर्चा व्हायचा. शेवटी आई तांदूळ निवडताना गुणगुणते ते घेतलं. तिला स्वतःला त्याच्या दोनच ओळी येतात, त्यामुळे वर चढायला जागाच नव्हती.

राहिली लावणी. पहिल्या वर्षी त्या रकान्यात मी गेटवरचंच एक गाणं घातलं होतं.

लावणीबद्दल माझं मत ठाम होतं आणि ते मी सविस्तर लिहूनही ठेवलं होतं. खुर्चीत बसलेल्या पुरुषाला रिझवण्यासाठी बाईने स्वतःला मांडायचं, याखाली मी सही करणार नव्हते. तो रकाना रिकामा सोडायचा आणि का सोडला ते खाली लिहायचं, असं मी बाबांना सांगितलं.

"किती ओळी लिहिणार?" बाबांनी विचारलं.

"आठ-दहा."

"आणि गाणार काय? त्या आठ-दहा ओळी?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. "काय करायचं नाही ते ठरवणं सोपं असतं. पत्रकाचा अर्धा कागद त्यातच भरतो."

जुलै उजाडला. पाऊस लागून राहिला होता, काकींची रोपं वीतभर झाली होती. एका सकाळी त्या पडवीत इरलं झटकत होत्या. हल्ली सगळ्या बायका प्लास्टिकचा कागद घेतात. काकींचं इरलं अजून पानांचं आहे. मी चेष्टेनेच विचारलं, "काकी, तुम्हाला एखादी लावणी येते का?"

"यील की. कितीक येतात."

मी बघतच राहिले. काकी साठीच्या. कपाळभर कुंकू, पायात रबरी चप्पल.

"तुम्हाला? लावणी?"

"का? माझं हातपाय मोडल्यात का?"

"नाही, पण… घरात चालतं? म्हणजे काकांना?"

"त्यास्नी काय इचारायचंय? ते बांधावर उभं ऱ्हात्यात, आमी म्हनतो."

"ते बघतात उभं राहून?"

"बघतील न्हाई तर काय! त्यांचं काम त्येच, बघायचं." त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "तुला शिकायची हाय का लावणी? मग हितं पडवीत न्हाई येत ती. परकर वर खोच आन् चिखलात उतर."

परकर वर खोचायचा म्हटल्यावर माझ्या डोक्यात माझं सविस्तर मत पुन्हा उभं राहिलं. तेवढ्यात काकींच्या दोन्ही जावा रोपांच्या मुठी घेऊन आल्या आणि काकी त्यांना ओरडून म्हणाल्या, "अगं, हिला लावणी शिकायचीय!" थोरली जाऊ म्हणाली, "बरं झालं, एक मानूस वाढलं."

तेव्हा मला समजलं. मुळशीत लावणी म्हणजे आधी भात. रोपं उपटून खाचरात लावतात ती. माझ्या वहीतल्या चौथ्या पानावरची लावणी या तिघींच्या डोक्यातही नव्हती. मी खुलासा करणार होते, पण उतरले.

लावताना वाकावं लागतं. कमरेतून, पूर्ण. त्या अवस्थेत काळी पाच लागत नाही. पोट दाबलेलं असतं, श्वास अर्धाच मिळतो. तीन बायका माझ्या दोन्ही बाजूंना, मागे मागे सरत, हात न थांबवता गात होत्या आणि त्यांचे आवाज चिखलापासून हातभर वर होते. काकी ओळ टाकायच्या, जावा उचलायच्या:

तुझ्या खाचरी पाणी उभं, माझं खाचर कोरडं गं
बांधाला एक बोट लाव, नको बोलू तोंडं गं

एक बाई शेजारणीकडे पाणी मागते आहे. तोंडाने बोलूही नको, बांध फोडायला नको, बोटाएवढी वाट करून दे, बाकीचं पाणी आपलं आपण येईल. अशी चार कडवी आहेत आणि चारही कडव्यांत तेच मागणं, फक्त दर वेळी थोडं जवळून. मागणी होती, मला आनंद झाला. मी पुढच्या फेरीला आवाज लावला.

"वरडू नको," काकी म्हणाल्या.

"ऐकू जायला नको?"

"कुणाला? शेजारणीला मागतीस ना? ती हातावर हाय. तिच्यापल्याड ज्याला ऐकू जाईल त्यो फुकट ऐकंल."

आठ दिवस मी त्यांच्या खाचरात उतरले. रोपं माझी तिरकी लागायची आणि धाकटी जाऊ मागून येऊन ती सरळ करायची. गाणं काळी दोनवर आलं. वहीत ‘कुणाला उद्देशून’ या रकान्यात मी पहिल्यांदा ‘एका बाईला’ लिहिलं. एकदा शेवटच्या कडव्याला तिघी एकमेकींकडे न बघता हसल्या. मी विचारलं काय झालं. काकी म्हणाल्या, "काय न्हाई. त्यात आनिक काय काय हाय, ते कळंल तुला." मी ते पाण्याच्या वादाबद्दल असेल असं समजले. खाचरांच्या पाण्यावरून भावकीत वाद असतातच.

मग बाबांना सांगितलं की चौथा रकाना भरला. त्यांनी गाणं ऐकलं, खुश झाले आणि लगेच विचारलं, "तिथं त्यांना कळेल ना, कुठली लावणी ते?"

"फॉर्मवर नुसतं ‘लावणी’ लिहिलंय. मी पण तेवढंच लिहीन."

"म्हणजे ते एक समजणार, तू दुसरं गाणार. हे व्यवस्थापन करतं, आपण नाही."

म्हणून मी फॉर्मवर लिहिलं, ‘लावणी, भाताची’.

निवडीच्या दिवशी त्याच बाई होत्या, शेजारी एक गृहस्थ, आणि कोपऱ्यात पेटीवर पन्नाशीचे एक काका. अभंग झाला. हळदीच्या गाण्याला गृहस्थ हसले. आईच्या दोन ओळींनंतर बाईंनी काहीतरी लिहिलं. मग गृहस्थांनी फॉर्म डोळ्यांजवळ नेला.

"भाताची?"

"हो. दुसरी मी गात नाही."

"अहो, पण आम्हाला लावणी हवी आहे. हे फार तर लोकगीत होईल."

"आमच्या तालुक्यात लावणी म्हटलं की आधी हीच."

गृहस्थांनी बाईंकडे बघितलं. मला माहीत होतं की अर्ध्या मिनिटात माझं वर्ष ठरतंय, आणि मी सांगितलं ते परत घेणार नव्हते. बाई म्हणाल्या, "म्हणू दे."

मी समोरच्या भिंतीला उद्देशून एक कडवं म्हटलं. बाईंनी हात वर केला. मला पहिलं वर्ष आठवलं. पण त्या म्हणाल्या, "भिंतीला नको. कुणाकडे तरी मागा. यांच्याकडे." आणि पेटीवाल्या काकांकडे बोट केलं.

मी काकांकडे वळले आणि हातभर अंतरावरच्या आवाजात पुन्हा सुरुवात केली. तुझ्या खाचरी पाणी उभं, माझं खाचर कोरडं गं. काकांची बोटं पट्ट्यांवर होती. ‘बांधाला एक बोट लाव’ला त्यांनी मान खाली घातली आणि त्यांच्या मिशा हलल्या.

त्या क्षणी मला काकी आणि त्यांच्या जावा कशाला हसल्या होत्या ते कळलं. चारही कडवी एकदम कळली. माझे कान तापले. तीन आठवडे मी बांधावरच्या काकांसमोर, जावांसमोर, बाबांसमोर, आंघोळीला जाताना आणि बसच्या रांगेत काय म्हणत होते तेही कळलं. ज्या रकान्यासमोर मी आठ-दहा ओळींचा निषेध लिहिणार होते, तो मी इमानेइतबारे भरला होता.

थांबता आलं असतं. मी थांबण्याचा विचारही केला. गाताना विचार करता येतो, आणि मला ती सवय गेटवरची आहे. खुर्चीतला पुरुष इथे काही मागत नव्हता. तो पेटी वाजवत होता आणि जरा लाजला होता. मागणारी मी होते, आणि मला काय हवं ते गाण्यात स्पष्ट होतं. याखाली सही करीन का? उत्तर यायच्या आत दुसरं कडवं आलं होतं, आणि ते सोडून देणं मला बरोबर वाटलं नाही. मी चारही म्हटली, अर्थासकट. शेवटच्या कडव्याला काकांनी मान वर केली तेव्हा मीही नजर हलवली नाही.

मग गृहस्थ म्हणाले, "ही लावणी आहे."

"मी तेच लिहिलंय," मी म्हणाले.

आवडीचं गाणं गेटवरचंच ठेवलं होतं. तोंड इतकं कोरडं पडलं होतं की काकांना पट्टी बदला म्हणायचं राहून गेलं आणि ते मला काळी दोनवरच म्हणावं लागलं. तेच शब्द, ज्यांना आधीच्या वर्षी दुसऱ्या ओळीला थांबवलं होतं. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि फॉर्म उलटा करून ठेवला.

तीन दिवसांनी फोन आला. समूहात घेतलं होतं, आणि एक लहान भूमिका. तालमी पुढच्या सोमवारपासून. हिंजवडीच्या कंपनीला मी त्याच दुपारी नकाराचं पत्र लिहिलं. ते चार ओळींत संपलं आणि त्यात एकही मागणी नव्हती. बाबांनी ते वाचलं आणि सही कुठे करायची ते उगाचच दाखवलं. मग त्यांनी विचारलं, "भाताची लावणी त्यांना चालली म्हणायची."

"त्यांनी ती दुसरीच धरली," मी म्हणाले.

"तू सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं होतं."

"मग गाताना तू कुठली धरली होतीस?"

मी पाकिटासाठी डिंक शोधायला उठले. बाबांनीही पुन्हा विचारलं नाही. ते पत्र पाकिटात घालत बसले.

काकी मागच्या बांधावर होत्या. मी धावत जाऊन सांगितलं की मला घेतलं.

"कशात घेतलं?"

नाटकात म्हणायच्या ऐवजी तोंडातून निघालं, "लावणीत."

"आता आमच्या लावणीत घेतलं न्हाई का तुला? आठ दीस चिखलात कोन होतं?" मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. "कळलं व्हय गाणं?"

"कळलं."

काकी हसल्या नाहीत. त्यांनी इरलं डोक्यावर घेतलं आणि रोपांची एक मूठ माझ्या हातात दिली. "मग चल. वरचं खाचर ऱ्हायलंय. आज तू ओळ टाक, आमी उचलतो."